रंग कच्चा तर धंदा कच्चा

कापडाच्या धंद्यात 'पक्का रंग' हे दोन शब्द दिवसातून किती वेळा तोंडातून निघतात, याची मोजदाद कोणी करत नाही. आम्ही दुकानावर नवे बसू लागलो होतो तेव्हाची गोष्ट. एक बाई लाल चादर परत घेऊन आल्या. पहिल्याच धुण्यात तिचा रंग सुटून त्यांच्या मुलीची पांढरी ओढणी खराब झाली होती. गठ्ठ्यावर 'पक्का रंग' असा शिक्का होता आणि आम्हीही तेच सांगून माल विकला होता. आम्ही म्हणालो, "बाजी, थंड पाण्यात धुवायची होती." बाई काही न बोलता निघून गेल्या आणि पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. ओढणीचे पैसे भरून देणे आम्हाला जड नव्हते, पण आम्ही दिले नाहीत. तुर्कस्तानातील गालिच्यांची हकीकत वाचताना आम्हाला तीच ओढणी आठवली. म्हणून ती हकीकत व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवत आहोत.

तुर्कस्तानच्या अनातोलिया भागात गावोगावच्या स्त्रिया पिढ्यान् पिढ्या लोकरीचे गालिचे विणत आल्या आहेत. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे तुर्कांचे काही शब्द आम्हाला परके वाटत नाहीत. रंगाला ते 'रेंक' म्हणतात, निष्णात कारागिराला 'उस्ता' आणि भरतकामाला 'नाकिश'. लाल रंग ज्या मुळापासून निघतो त्याला ते 'कोकबोया', म्हणजे मुळाचा रंग, असे म्हणतात. आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातील ही वनस्पती. लोकरीला आधी तुरटी द्यायची, मग या मुळांच्या पाण्यात ती तापवायची. निळ्यासाठी नीळ, पिवळ्यासाठी रानफुले, तपकिरीसाठी अक्रोडाची साल. हिरवा हवा असेल तर पिवळ्यावर नीळ चढवायची.

मग रसायनांचे रंग आले. 1856 मध्ये इंग्लंडच्या पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला. 1868 मध्ये दोन जर्मन शास्त्रज्ञांनी मुळातील लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. 1897 मध्ये एका जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्या देशातील निळीचा व्यापार बसला. पुड्यांतले हे रंग स्वस्त होते, वापरायला सोपे होते. अनातोलियाच्या खेड्यांतही ते पोहोचले. त्यांतले पुष्कळ हलक्या प्रतीचे असल्याने गालिच्याचा लाल रंग उन्हात विटू लागला, पाण्यात शेजारच्या पांढऱ्यात उतरू लागला. रंग बनवण्याची जुनी कृती मात्र दोन-तीन पिढ्यांत बहुतेक ठिकाणी विसरली गेली. ज्या डोंगरावर गाव, त्याच डोंगरावर ती झाडे उगवत होती, पण त्यांचे काय करायचे हे गावाला ठाऊक नव्हते.

अशा वेळी हेराल्ड बोमर नावाचे एक जर्मन गृहस्थ इस्तंबूलच्या जर्मन शाळेत रसायनशास्त्र शिकवायला आले. जुन्या गालिच्यांचे रंग नव्यांपेक्षा डोळ्याला गोड का वाटतात, हा प्रश्न त्यांच्या मनात बसला. जुन्या गालिच्यांचे धागे तपासून कोणता रंग कोणत्या वनस्पतीचा, हे त्यांनी शोधून काढले. ही माहिती त्यांनी कपाटात ठेवली नाही. 1981 मध्ये इस्तंबूलच्या मार्मारा विद्यापीठाच्या साहाय्याने 'डोबाग' नावाचा प्रकल्प सुरू झाला. चनाक्काले प्रांतातील आयवाजिकच्या आसपासची खेडी त्यासाठी निवडली गेली. पूर्वी भटके असलेले योरुक लोक येथे वस्ती करून राहिले आहेत. त्यांना रंगाची कृती पुन्हा शिकवण्यात आली. पुढे मनिसा प्रांतातील युंतदाग भागातही अशीच सहकारी संस्था उभी राहिली आणि ती विणणाऱ्या स्त्रियांचीच होती. जर्मन रसायनाने जे बिघडवले, ते दुरुस्त करायला जर्मन रसायनशास्त्रज्ञच पुढे आला!

या कामात आणखी एक परदेशी पाहुणी होती. जोसेफिन पॉवेल या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी 1970 च्या दशकात इस्तंबूललाच घर केले आणि 2007 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. भटक्या कुटुंबांच्या वस्त्यांवर जाऊन त्यांनी फोटो काढले, किलीम व थैल्या जमवल्या, आणि कोणती वस्तू कोण, कशासाठी विणते हे नोंदवून ठेवले. डोबागलाही त्यांचा हातभार लागला.

आता धंद्याची बाब पाहू. डोबागने केवळ रंग बदलला असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. तेथे रंगावर विद्यापीठाची नजर होती आणि गालिच्यासोबत हमीचा कागद असे. विणणारी कोण, कोणत्या गावची, हे गिऱ्हाइकाला कळे. वरून नमुना लादला जात नसे, घरात चालत आलेली नक्षी ती आपल्या मनाने मांडे. विक्री संस्थेमार्फत होत असल्याने मधल्या हातांची साखळी आखूड झाली. या प्रयोगानंतर तुर्कस्तानातील इतर कारखानदारही वनस्पतींच्या रंगाकडे वळले. स्वतः बोमर यांचे 'कोकबोया' हे पुस्तक 2002 मध्ये निघाले. रंगांचा तो प्रवास तुर्कस्तानातून थेट हिंदुस्थानपर्यंत येतो.

कोणी म्हणेल, हे महागड्या मालाचे लाड आहेत, मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्याला याचा काय उपयोग? आक्षेप खरा आहे. डोबागचेही सर्व काही गोड झालेले नाही. हाताने विणलेला गालिचा महाग पडतो, त्याचे गिऱ्हाईक थोडे, आणि खेड्यातील मुली आता मागापुढे बसायला पूर्वीइतक्या तयार नाहीत. शिवाय कारखान्यातला प्रत्येक रंग वाईटच असतो असेही नाही. चांगल्या प्रतीचा रासायनिक रंग नीट चढवला तर वर्षानुवर्षे हलत नाही. तेव्हा उद्यापासून सर्वांनी मंजिष्ठा उकळावी, असे आमचे मुळीच म्हणणे नाही.

आमचे म्हणणे एवढेच की, हमी देणाऱ्याने आधी तपास करावा. बाहेरून आलेल्या माणसाला जी किंमत दिसली ती घरच्यांना दिसली नाही, याचे कारण घरचे सगळे दाम पाडण्यात गुंतले होते. व्यापारी स्वस्त माल मागतो, कारागीर स्वस्त रंग घेतो आणि शेवटी नाव बदनाम होते ते कारागिराचे. आम्ही स्वतः मीटरमागे चार आणे कमी करायला लावून वर 'पक्का रंग' असा शिक्का मागितलेला आहे. रंगाऱ्याने ते चार आणे कोठून काढायचे होते?

यावर उपाय फार खर्चाचा नाही. नवा माल आला की पांढरे सुती फडके ओले करून त्यावर जोराने घासावे. एक तुकडा पांढऱ्या कपड्यासोबत साबणाने धुवावा, दुसरा आठवडाभर उन्हात ठेवावा. रंग उतरला तर 'हा कच्चा आहे, वेगळा धुवा' असे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगून त्या भावाने विकावा. रंगाऱ्याला चांगल्या रंगाचे दाम द्यावेत आणि विणणाऱ्याचे नाव-गाव मालावर लिहावे. आम्ही आता दुकानात पांढरे फडके ठेवतो. ते कधी कधी लाल होते आणि तो गठ्ठा परत जातो. त्या दिवशी नुकसान होते खरे, पण कोणाची ओढणी खराब होत नाही.