इयादतीला येणाऱ्यांनो

आजाऱ्याची इयादत करणं सुन्नत आहे आणि आपला मोहल्ला ती नेमाने पाळतो. मामूंना फालिज झाला, म्हणजे लकवा, तेव्हा पंधरा दिवस दाराशी चपलांचा ढीग असे. चहा करून करून मुमानी थकली. जाताना प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द: सब्र करा.

मामूंची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली. साधं पाणी मागता येईना. पण सूरह फातिहा कुणी सुरू करून दिली की पुढची अडखळत का होईना, शेवटपर्यंत म्हणत. त्यावर लोक काय म्हणाले? "जीभ चालते की! हेच मनावर घेत नाहीत." मी मुलांना भाषा शिकवतो, तरी क्षणभर मलाही तसंच वाटलं. लाज वाटते आज. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की नवं वाक्य जुळवता येत नाही. पण लहानपणापासून पाठ असलेली दुआ, आकडे, गाणं पुष्कळदा शाबूत राहतं. यात हट्ट कसला?

तिसऱ्या महिन्यात मामू भिंतीकडे तोंड करून पडू लागले. जेवण टाळायचे. व्यायाम करून घेणारा आला की डोळे मिटायचे. लगेच निकाल लागला, "ईमान कमजोर झालंय."

हा निकाल देणाऱ्यांशी माझं भांडण आहे. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, मग तो नमाजी असो की नसो. त्यावर औषध आहे, समुपदेशन आहे. ते न केल्यास माणूस व्यायाम सोडतो आणि हातपायही मागे पडतात. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे मुलाच्या दुःखाने गेले. कुरआन त्यांना बेसब्र म्हणत नाही. तुम्ही कोण मग?

"लोक वेडा म्हणतील" या भीतीपायी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायला आम्ही आणखी चार महिने घालवले. ते चार महिने मामूंचे गेले, लोकांचे नाही.

आता ते डाव्या हाताने तसबीह फिरवतात. दुकानाची वही समोर धरली तर चुकलेल्या आकड्यावर बोट ठेवतात, आणि त्या दिवशी नीट जेवतात.

याल तेव्हा ती वही मागा. त्यांना शब्द सापडेपर्यंत थांबा, मध्येच वाक्य पुरं करू नका. आणि चहा नको म्हणा. मुमानीला विचारा, रात्री झोप झाली का.