कचरा, कचरू आणि पडद्यावरचं राष्ट्र

"सिनेमाकडे सिनेमा म्हणून बघा, त्यात जात कशाला आणता?" हा सल्ला आम्हाला नेहमी दिला जातो. जात आम्ही आणत नाही. ती पडद्यावर आधीपासूनच असते. नायकाच्या आडनावात असते, त्याच्या घरातल्या देव्हाऱ्यात असते, आणि कोण बोलणार नि कोण मान खाली घालून उभा राहणार, या वाटणीतही असते. आम्ही फक्त तिच्याकडे बोट दाखवतो.

२००१ चा 'लगान' घ्या. देशभक्तीचा सिनेमा म्हणून तो आजही १५ ऑगस्टला लावतात. कथा १८९३ ची. गावाच्या संघात एक अस्पृश्य आहे, त्याचं नाव कचरा. त्याचा हात अधू आहे आणि त्या अधूपणामुळेच त्याचा चेंडू वळतो. म्हणजे गुण त्याच्या कष्टाचा नाही, व्यंगाचा! गाव त्याला घ्यायला नकार देतं, तेव्हा भुवन भाषण करतो, रामाने शबरीची बोरं खाल्ल्याचा दाखला देतो आणि गावाचं मन वळतं. कचरा स्वतः मात्र काही मागत नाही.

आता इतिहास बघा. १८९३ मध्ये सत्यशोधक समाजाला २० वर्षं झाली होती. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली तीही १८७३ मध्येच. ज्या काळात आपली माणसं प्रश्न विचारू लागली होती, त्या काळातला अस्पृश्य पडद्यावर मुका का? कारण तो बोलला, तर इंग्रजांच्या लगानाआधी गावाच्या विहिरीचा हिशोब मागेल. तो हिशोब मागितला की "आपण सगळे एक" हे चित्र फाटतं. म्हणून त्याला संघात घेतलं, पण त्याची जीभ काढून घेतली.

१९५९ च्या 'सुजाता'तही हेच आहे. वाढवलेल्या घरात मुलगी म्हणून मान्यता मिळवायला तिला रक्त द्यावं लागतं. २०१९ च्या 'आर्टिकल १५'मध्ये अन्याय आपल्यावर, पण न्याय देणारा अधिकारी ब्राह्मण. साठ वर्षांत कपडे बदलले, कॅमेरे बदलले, उपकार करणारा हात मात्र तोच राहिला.

याच्यासमोर नागराज मंजुळेंचा 'फँड्री' ठेवा. इथेही बापाचं नाव कचरू आहे. हा योगायोग असो वा नसो, आम्हाला तो उत्तरासारखा वाटतो. गावातलं डुक्कर पकडायचं काम कचरूच्या कैकाडी कुटुंबावर येतं. डुक्कर हाताशी येतं आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या जागीच थांबतो, मग घरचेही थांबतात. डुक्कर निसटून जातं. राष्ट्र त्यांच्याकडून शिस्त मागतं आणि ते देतात. ज्या पोराने त्या वेळी शाळेच्या रांगेत उभं असायला हवं, तो डुकरामागे का धावतोय, हे मात्र कुणी विचारत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि जानेवारी २०१८ मध्ये ती सक्ती मागे घेतली. त्या काळात कोण उभं राहिलं, कोण नाही, यावरून देशभक्ती मोजली गेली. आमचा प्रश्न सरळ आहे. ५२ सेकंद उभं राहिल्यावर जो सिनेमा सुरू होतो, त्या सिनेमात आपण उभे असतो का? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की जाती राष्ट्रविरोधी आहेत. मग जात झाकणारा सिनेमा राष्ट्रप्रेमी आणि जात दाखवणारा देश तोडणारा, हे गणित कुणाचं?

झाकण्याचं काम नीट ठरवून होतं. २०१६ च्या 'सैराट'चा २०१८ मध्ये हिंदीत 'धडक' झाला, तेव्हा कथेचा कणा असलेली जातच पुसट झाली. २०२५ मध्ये 'फुले' चित्रपट ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' या शब्दांवर हरकत घेतली आणि सिनेमा २५ एप्रिलला आला. ज्यांनी हे शब्द आयुष्यभर अंगावर झेलले त्यांना त्यांचा त्रास नाही. मग तो नेमका कुणाला होतो?

आता थोडं आपल्या पोरांशी. एखाद्या दृश्यात मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला की आपण शिट्ट्या मारतो, स्टेटस ठेवतो. आनंद व्हावा, जरूर व्हावा. पण फोटो भिंतीवर आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात, एवढ्यावर समाधान मानायचं का? पा. रंजित यांनी तमिळमध्ये स्वतःची निर्मितीसंस्था उभी केली आणि २०१८ मध्ये मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाळ' त्यातूनच आला. तिकडे जमतं, तर फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात का जमू नये?

जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा डीजेऐवजी प्रोजेक्टरला द्या. विहारात महिन्याला एक सिनेमा दाखवा आणि नंतर तासभर चर्चा करा: कथा कुणी लिहिली, पैसा कुणाचा, आपला माणूस किती वाक्यं बोलला? ज्या पोरापोरींच्या हातात मोबाईल आहे, त्यांनी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी चित्रित करायला घ्याव्यात. 'फँड्री'च्या शेवटी जब्याने दगड थेट आपल्याकडे भिरकावला. तो झेलून आपण नुसत्या टाळ्या वाजवत बसणार असू, तर पुढची वीस वर्षंही पडद्यावर कचरा मुकाच राहील.

जय भीम!