सुजलेला एकच गुडघा

मनमाडमध्ये गुडघेदुखी ही कुणाला मुद्दाम सांगावी अशी गोष्ट नाही. अन्न महामंडळाच्या गोदामात पोती वाहणारा हमाल, रेल्वेच्या कारखान्यात पुलांच्या गर्डरवर राबणारा कामगार, नळाला पाणी येईल त्या दिवशी हंडे-ड्रम भरून ठेवणारी बाई, यांच्या सांध्यांना विश्रांती ठाऊक नाही. दुखले की तेल चोळायचे, शेकायचे, मेडिकलमधून गोळी आणायची. बहुतेकांचे त्यावर भागतेही. या दुखऱ्या गुडघ्यांच्या गर्दीतच सांध्याचा क्षय बेमालूम लपतो.

टीबी म्हटले की आपल्याला खोकला आठवतो. सांध्याच्या क्षयात खोकला असेलच असे नाही. जंतू फुफ्फुसातून किंवा गाठींतून रक्तावाटे हाडापर्यंत पोचतात आणि तिथे वर्षानुवर्षे दबा धरून बसू शकतात. मणक्याखालोखाल खुबा आणि गुडघा या त्यांच्या नेहमीच्या जागा. वयाची झीज बहुधा दोन्ही गुडघ्यांत जाणवते, आमवात बोटांच्या लहान सांध्यांनाही धरतो. क्षय बहुतेक वेळा एकाच सांध्याला चिकटतो. सूज सावकाश वाढते, सांधा फारसा लाल होत नाही, पण मांडी बारीक होत जाते. लहान मूल आधी लंगडू लागते. दिवसा स्नायू दुखरा सांधा आवळून धरतात. झोपेत ते सैलावतात आणि मूल कळवळून उठते. घरचे त्याला वाईट स्वप्न समजतात.

महिनाभरात न उतरणारी एकाच सांध्याची सूज म्हणूनच डॉक्टरांना दाखवायला हवी, आणि डॉक्टरांनीही क्षयाची शंका मनात धरायला हवी. सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. रक्ततपासणीत ईएसआर वाढलेला असेल तर शरीरात कुठेतरी दाह आहे, एवढेच कळते. रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षय ठरवणाऱ्या चाचण्यांवर तर सरकारने 2012 मध्येच बंदी घातली. एमआरआय सांध्यातली खराबी लवकर दाखवतो. ती कशाने झाली याची खात्री मात्र तो देत नाही. या संभ्रमात सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले, तर काही दिवस बरे वाटते आणि आत जंतूंना रान मोकळे मिळते.

खात्री देतो तो सांध्याच्या अस्तराचा तुकडा. सांध्यातले पाणी तपासूनही जंतू निसटू शकतात, कारण या क्षयात ते मुळातच थोडे असतात. तुकडा काढल्यावर एक साधी गोष्ट सांभाळावी लागते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले की सगळे श्रम वाया जातात. त्याचे दोन भाग करायचे. एक फॉर्मलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, सीबीनॅट आणि कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी. सगळाच तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत गेला तर जंतू मरतात आणि कल्चर करताच येत नाही. सीबीनॅटच्या यंत्रात सुमारे दोन तासांत जंतू आहेत का आणि रिफाम्पिसिनला दाद देतात का, हे कळते. कल्चरला सहा आठवडेही लागतात. हे न करता अंदाजाने गोळ्या सुरू केल्या आणि जंतू औषधाला न जुमानणारे निघाले, तर मधल्या महिन्यांत कूर्चा झिजून जाते. ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या टेबलावर दोन बाटल्या असाव्यात, असा आमचा आग्रह त्यासाठीच आहे.

उपचार लांबलचक आहेत, पण आटोक्यातले आहेत. भारतीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हाडा-सांध्याच्या क्षयाला किमान बारा महिने, गरज पडल्यास अठरा महिने औषध चालते. सरकारी केंद्रात ते मोफत मिळते. पहिल्या दोन महिन्यांतल्या पायराझिनामाइडने स्वतःच सांधे दुखू शकतात, लघवी रिफाम्पिसिनमुळे नारिंगी होते. हे आधी न सांगितल्यास रुग्ण घाबरून गोळ्या सोडतो. आहारासाठी दरमहा 1000 रुपये खात्यात येतात; नोव्हेंबर 2024 पूर्वी ही रक्कम 500 होती.

पूर्वी असा सांधा महिनोन्महिने प्लास्टरमध्ये जखडून ठेवत. दुखणे शमायचे, पाय ताठ व्हायचा. बनारसच्या डॉ. एस. एम. तुली यांनी 1970 च्या दशकात मणक्याच्या क्षयासाठी मधला मार्ग मांडला: आधी औषध आणि विश्रांती, शस्त्रक्रिया फक्त ज्याला हवी त्याला. सांध्यांच्या बाबतीतही आज औषधाच्या जोडीने वेदना ओसरताच हळूहळू हालचाल सुरू करतात. उकिडवे बसून काम करणाऱ्यांच्या गावात वाकणारा गुडघा म्हणजे रोजगार. फिजिओथेरपीला औषधाइतकेच महत्त्व द्यायला हवे.

मनमाड हे जंक्शन. इथला मजूर आज गोदामात, उद्या कामाच्या मागे मालेगावला नाही तर मुंबईला. गाव सुटले की गोळ्या सुटतात, असे होऊ नये. निक्षय या सरकारी क्षयरुग्ण-नोंदणीमुळे रुग्णाची फाईल दुसऱ्या केंद्राकडे सोपवता येते आणि तिथे औषध पुढे चालू राहते. गाव सोडण्याआधी एकदा केंद्रात जाऊन हे करून घ्यावे लागते, आणि केंद्रातल्या कर्मचाऱ्याने पहिल्याच भेटीत रुग्णाला ते सांगावे.