पाकीट न पाहिलेले गिऱ्हाईक

मा. जिल्हाधिकारी, सातारा आणि मा. जिल्हाधिकारी, सांगली यांस,



सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने अधिसूचना काढून सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला महाराष्ट्रात बंदी घातली. कोरोनाच्या धामधुमीत ती कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. आज साताऱ्यात पोवई नाक्यावर उभे राहा, नाहीतर सांगलीत विश्रामबागला. ‘एक दे’ म्हटले की एक मिळते. पेटवायला टपरीच्या खांबाला लायटर बांधलेला असतोच. जिल्ह्याच्या तंबाखू नियंत्रण समन्वय समितीचे अध्यक्ष आपण आहात, म्हणून हे पत्र आपल्या नावे.

एका सुट्या सिगारेटीचे एवढे काय, असे कुणीही विचारील. पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापण्याची सक्ती २०१६ पासून आहे. व्यसन सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांकही २०१८ पासून पाकिटावर छापला जातो. पण पाकीट राहते टपरीवाल्याच्या गल्ल्याशेजारी. कॉलेजच्या पोराच्या हातात येते ती नुसती पांढरी कांडी. तिच्यावर ना सडलेल्या गळ्याचे चित्र, ना फोन नंबर. अख्खे पाकीट घ्यायचे तर त्याला दहादा विचार करावा लागेल. एक मात्र वडापावातून उरलेल्या सुट्या पैशांत येते. सरकार कर वाढवते तेव्हाही त्याची झळ त्याला एकेका रुपयानेच लागते.

‘मी काय पाकीट ओढत नाही, चहाबरोबर एखादी,’ हे समर्थन आपणही ऐकले असेल. त्यावर २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका, त्याच्या जवळजवळ निम्मा रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. विसावा हिस्सा नव्हे, निम्मा! थोड्या धुरानेही रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, रक्त लवकर गोठू लागते. कर्करोगाचा हिशेब वेगळा आहे. तो कांड्यांच्या आणि वर्षांच्या संख्येने वाढत जातो. पण हृदय एवढी उसंत देत नाही. प्रभात झा आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधल्या भारतीय अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे दहा वर्षांनी, तर बिडी ओढणाऱ्यांचे सुमारे सहा वर्षांनी घटल्याचे दिसले. बिडीला गरिबाची म्हणून सौम्य समजायचे कारण नाही.

त्याच अभ्यासात क्षयाने होणारे मृत्यूही धूम्रपानाशी जोडलेले आढळले. हे आपल्याकडे तरी नवे वाटू नये. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, पुढे वानलेसवाडीला क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम झाले. आजही दम लागला की पेशंट मिरजेला नाहीतर कराडला न्यायचा, ही दोन्ही जिल्ह्यांची रीत आहे. छातीच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न काय असतो, तो नातेवाइकांना पाठ आहे.

आता एक रास्त आक्षेप. आपल्याकडे खरा घात तंबाखू चघळण्याने होतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे निघाले, धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. तासगावचे माजी गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटील यांना १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने नेले. त्यांची तंबाखूची सवय साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होती. तेव्हा सिगारेटीच्या मागे लागून मळलेल्या तंबाखूकडे काणाडोळा करा, असे मी म्हणत नाही. पण ३.८ हा आकडा लहान आहे म्हणूनच तो रोखणे आत्ता आवाक्यात आहे, असे माझे मत आहे. चोवीस टक्क्यांवर गेल्यावर काय करायचे, ते आपण मळणाऱ्यांच्या बाबतीत भोगतोच आहोत.

कारवाई करायची म्हणजे टपरीवाल्याची टपरी उचलायची, असे मात्र होऊ नये. त्याचे पोट सुट्या विक्रीवर आहे आणि माल पुरवणारा कधीच दंड भरत नाही. आधी घाऊक विक्रेत्यांना बोलावून बंदीची लेखी समज द्या. शाळा-कॉलेजांपासून शंभर यार्डांत तंबाखूजन्य पदार्थ विकायला कायद्याने मनाई आहेच, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. खांबाचे लायटर तर आजच उतरवता येतील, त्याला निधी लागत नाही. आणि दर महिन्याला कुठल्या तालुक्यात किती कारवाया झाल्या, ते जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका, म्हणजे दोन शेजारी जिल्ह्यांत थोडी चुरसही लागेल.

समितीच्या पुढच्या बैठकीत सुट्या विक्रीचा विषय पहिला घ्यावा, एवढी विनंती.

आपला,
कृष्णाकाठचा एक रहिवासी