पूल होईपर्यंतचे दोन उन्हाळे

शारजा, अजमान, उम्म अल कुवैन नाहीतर रास अल खैमात घर आणि दुबईत नोकरी, असा ज्यांचा संसार आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एमिरेट्स रोडचं काम सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झालं. अल बदी इंटरचेंजपासून उम्म अल कुवैनपर्यंत 25 किलोमीटर रस्ता रुंद होणार, प्रत्येक बाजूला तीनच्या पाच लेन. इंटरचेंजवर सहा नवे पूल, सगळे मिळून 12.6 किलोमीटर लांबीचे. खर्च 75 कोटी दिरहम, मुदत दोन वर्षं. काम झालं की प्रवासाचा वेळ 45 टक्क्यांपर्यंत कमी होईल असं ऊर्जा आणि पायाभूत सुविधा मंत्रालयाने सांगितलं आहे. होईल तेव्हा होईल. पण तोवर मधले दोन उन्हाळे आपल्यालाच काढायचे आहेत, आणि त्यासाठी ‘थोडे दिवस सोसू’ हा हिशेब उपयोगाचा नाही. हे काम चार दिवसांचा पाहुणा नव्हे, दोन वर्षांचा भाडेकरू आहे. त्याला घरात जागा करून द्यावीच लागेल.

पुलांच्या कामाला आपण नवखे नाही. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला 2025 चा मे उजाडला. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला, तेव्हापासून औंध-बाणेरकरांनी काय काय भोगलं ते त्यांनाच विचारा. पण तिथली सवय इथे जशीच्या तशी आणू नका. तिकडे पूल बंद म्हणजे बंद, गाडी मुंगीच्या पावलाने चालते, फार तर पत्रा चेपतो. इथे सहसा रस्ता चालूच ठेवतात, फक्त तो रातोरात सरकवतात. काल जिथे सरळ गेलात तिथे आज सिमेंटचे अडथळे आणि बाण असतात, आणि मागची गाडी शंभराच्या वेगाने येत असते. म्हणून कामाच्या पट्ट्यात मोबाइलमधल्या बाईचं ऐकू नका, पाटी वाचा. नकाशाला नवं वळण कळायला वेळ लागतो. एक्झिट चुकली तर चुकू द्या, पुढच्या वळणावरून परत या. भर रस्त्यात थांबून विचार करत बसणं हा इथे 1000 दिरहम आणि सहा काळ्या गुणांचा मामला आहे. चोवीस काळे गुण झाले की लायसन्स जातं.

आता मुख्य गोष्ट. रस्ता बदलण्यात फार जीव घालू नका, वेळ बदला.

शारजाहून दुबईला जायचे मोठे रस्ते तीनच: अल इत्तिहाद, शेख मोहम्मद बिन झायेद रोड आणि एमिरेट्स रोड. एक तुंबला की नकाशा सगळ्यांना एकाच वेळी दुसऱ्यावर पाठवतो आणि थोड्याच वेळात तोही तुंबतो. नॅशनल पेंट्सच्या पुलाखाली रोज संध्याकाळी अडकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्यातले बरेच जण एमिरेट्स रोड धरतात ते सालिकचा टोल वाचवायला, कारण बिन झायेद आणि एमिरेट्स या दोन्ही रस्त्यांवर सालिकचं गेट नाही. पण हिशेब नीट करा. 31 जानेवारी 2025 पासून सालिकचा दर वेळेप्रमाणे आहे: सोमवार ते शनिवार सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ सहा दिरहम, एरवी चार, रविवारी दिवसभर चार, आणि रात्री एक ते सहा काहीच नाही. सहा दिरहम वाचवण्यासाठी पाऊण तास आणि त्या पाऊण तासाचं पेट्रोल जाळणं ही काटकसर नव्हे.

सकाळी सहाच्या आत गेट ओलांडता आलं तर सालिकही नाही आणि डोकंही शांत. ऑफिसच्या बाहेर गाडीत अर्धा तास झोपणारी माणसं मला वेडी वाटत नाहीत. संध्याकाळचा सापळा मात्र लक्षात ठेवा. 1 जानेवारी 2025 पासून एमिरेट्स रोडवर अल अवीर ते शारजा या टप्प्यात संध्याकाळी साडेपाच ते आठ ट्रकना बंदी आहे. म्हणजे आठच्या ठोक्याला, गर्दी सरली असेल या आशेने तुम्ही निघता आणि कडेला थांबलेले ट्रकही निघतात. निघायचं तर साडेसातला निघून ट्रकांच्या पुढे राहा, नाहीतर जेवूनच निघा. हिवाळ्यात पहाटेच्या धुक्यात हा रस्ता आधीच वाईट असतो. धुकं असेल त्या दिवशी साहेबाला सरळ निरोप पाठवा की उशीर होईल.

हे ‘साहेबाला निरोप’ म्हणणं सोपं आहे हे मलाही कळतं. म्हणून हा परिच्छेद साहेबांसाठी. आपल्या माणसांत आता इथे कारखाने, दुकानं, क्लिनिक चालवणारे खूप जण आहेत. दुबईच्या रस्ते व वाहतूक प्राधिकरणाने 2024 मध्ये केलेल्या अभ्यासात असं दिसलं की कामावर येण्याच्या वेळेत दोन तासांची मोकळीक आणि महिन्यातून चार-पाच दिवस घरून काम दिलं, तर सकाळच्या गर्दीत 30 टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते. तीस टक्के! एवढं तर पूल बांधूनही चटकन मिळत नाही. त्याच पाहणीत घरून काम देणाऱ्या खासगी कंपन्या जेमतेम तिसरा हिस्सा निघाल्या. तुमच्याकडे दहा माणसं असतील आणि त्यातली सहा शारजा-अजमानहून येत असतील, तर दोघांना सातला बोलवा, दोघांना दहाला. काउंटरवरचा माणूस घरून काम करू शकत नाही, पण हिशेबनीस करू शकतो. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी सहाची आरती किंवा तालीम ठेवू नका. अर्धी माणसं आरती संपल्यावर पोचतात आणि वर तुम्हीच ‘लोक येत नाहीत’ म्हणता.

गाडी अजिबात न काढण्याचे मार्गही आहेत आणि आपण ते उगाच कमी लेखतो. अल नाहदात राहणाऱ्याला स्टेडियम स्टेशन जवळ आहे. एतिसलात आणि सेंटरपॉइंट या मेट्रो स्टेशनांवर पार्क अँड राइड आहे, मेट्रोने पुढे जाणाऱ्यांना फुकट. शारजातून ई 303, ई 306, ई 307 या बस अल जुबैल स्टेशनवरून सुटतात, पण त्यांनाही त्याच गर्दीतून यावं लागतं हे धरून चाला. समुद्राला मात्र डायव्हर्जन नसतं: शारजा अक्वेरियमहून अल घुबैबाची फेरी ऑगस्ट 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली, पस्तीस मिनिटांत पोचवते आणि उतरल्यावर समोरच मेट्रो. बुर दुबई, मीना बझारकडे कामाला जाणाऱ्याने एकदा तरी करून पाहावी. कारलिफ्टचं काय, असं कोणी विचारेल. सहकाऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या गाडीतून जाणं उत्तम. परवान्याशिवाय पैसे घेऊन माणसं नेणं मात्र गुन्हा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. स्वस्त आहे म्हणून पोरीबाळींना अनोळखी कारलिफ्टमध्ये बसवू नका.

जिथे तीन लेनच्या दोन होतात, तिथे आपली परीक्षा असते. एक गाडी इकडची, एक तिकडची, असं झालं तर रांग सरकत राहते. आपण तिथे दोन टोकं गाठतो. काही जण अर्धा किलोमीटर आधीच रांगेत शिरून पुढच्याला जागा न देण्याचा विडा उचलतात, काही जण पिवळ्या रेषेपलीकडच्या पट्टीवरून सगळ्यांना मागे टाकून तोंडाशी गाडी घुसवतात. दुसऱ्या प्रकाराला 1000 दिरहम आणि सहा काळे गुण आहेत, आणि ती पट्टी अँब्युलन्सची आहे. पुढच्याच्या बंपरला चिकटून चालवण्याला 400 दिरहम आणि चार गुण. वेगाचंही तसंच. दुबई-शारजात पाटीवरच्या वेगावर वीसची सूट मिळते, अबू धाबीत 2018 पासून ती नाही. पण कामाच्या पट्ट्यात ही सूट मनातून काढूनच टाका. तिथे लेन अरुंद असते, कडेला माणसं उभी असतात.

त्या माणसांकडे बघा जरा. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे बरंच अवघड काम रात्री आणि पहाटे चालतं. म्हणजे तुम्ही जेव्हा मोकळा रस्ता बघून दाबता, तेव्हाच झेंडी घेऊन कोणीतरी तुमच्यापासून दोन हातांवर असतो. हॉर्न वाजवून त्याच्यावर राग काढण्यात काही अर्थ नाही. लेन त्याने बंद केलेली नसते.

पायी चालणाऱ्यांबद्दल जास्त काळजी वाटते, विशेषतः व्हिजिट व्हिसावर आलेल्या आई-बाबांबद्दल. काम सुरू झालं की बस थांबा सरकतो, ओळखीचं क्रॉसिंग बंद होतं, आणि समोरच दुकान दिसत असताना पाऊण किलोमीटर वळसा पडतो. पुण्यात लक्ष्मी रोड हात दाखवून ओलांडणाऱ्या माणसाला इथेही हात दाखवावासा वाटतो. दुबईत 2023 मध्ये असं कुठूनही रस्ता ओलांडताना आठ माणसं गेली, 339 जखमी झाली आणि 44 हजारांवर लोकांना दंड झाला. साधा दंड 400 दिरहम आहे. पण 29 मार्च 2025 पासूनच्या नव्या वाहतूक कायद्यात, ताशी 80 किंवा त्याहून जास्त वेगाच्या रस्त्यावर कुठूनही ओलांडल्याने अपघात झाला तर किमान तीन महिने तुरुंग आणि किमान 10 हजार दिरहम दंड होऊ शकतो. आई-बाबा आले की पहिल्याच संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालत जाऊन सध्याचं क्रॉसिंग दाखवा. क्रॉसिंग सरकलं की पुन्हा दाखवा.

आणखी एक. घराचा करार नव्याने करताना ‘अजून थोडं काढू, मग रस्ता मोकळा’ असं धरून सही करू नका. इथल्या केंद्र सरकारने 2030 पर्यंत 170 अब्ज दिरहमच्या रस्ते-वाहतूक कामांचा आराखडा नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केला. त्यात अल इत्तिहाद आणि बिन झायेद रोडचं रुंदीकरणही आहे. दुबईत मेट्रोच्या ब्लू लाइनचं काम सप्टेंबर 2029 पर्यंत चालणार आहे. हा पूल झाला की दुसरा सुरू होईल. अजमानचं स्वस्त भाडं आणि रोजचे तीन तास, हे दोन्ही एकाच कागदावर मांडा, बायकोने आणि नवऱ्याने मिळून. मुलं झोपेतून उठायच्या आत निघून झोपल्यावर परतणारा बाप, हाही त्या भाड्याचाच भाग असतो. काहींना उत्तर ‘राहू इथेच’ असं मिळेल, ते चूक नाही. फक्त आकडे बघून मिळालेलं असावं.

शेवटी, एखाद्या वळणावर पाटी दिसत नसेल, दिवा बंद असेल, अडथळा रस्त्यात सरकला असेल, तर ग्रुपवर फोटो टाकून थांबू नका. दुबईतला रस्ता असेल तर रस्ते व वाहतूक प्राधिकरणाचा 8009090, पोलिसांचा तातडीचा नसलेला नंबर दुबई आणि शारजा दोन्हीकडे 901, आणि जिवावरचं असेल तर 999. फोन गाडी बाजूला लावल्यावर करा. चालवता चालवता केला तर 800 दिरहम आणि चार गुण.