तांदूळ नको, भात द्या!

आपल्या कर्जत-खालापूरकडे 'भात' म्हणजे टरफलासकट धान्य. गिरणीत भरडलं की तांदूळ. तांदूळ लगेच शिजतो खरा, पण पेरला तर उगवत नाही. लिनक्सवर 'ॲप्ट'ने उतरवलेलं तयार पॅकेज म्हणजे तांदूळ. सोर्स कोड म्हणजे भात.

'कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल' ही झाली घरची गिरणी. पहिली आज्ञा लागणाऱ्या लायब्ररी आहेत का ते बघते, दुसरी कोड भरडते, तिसरी प्रोग्राम जागेवर नेऊन ठेवते. मात्र पुढचे सुरक्षा-अपडेट आपोआप येत नाहीत, ते तुमच्याच गळ्यात! म्हणून रोजच्या वापराला पॅकेजच बरं.

मग हा खटाटोप कशाला? 'एक्सझेड'च्या नव्या आवृत्तीत कोणीतरी चोरदरवाजा घुसवल्याचं मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलं. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खोदता खोदता आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला तो सापडला. सोर्स हाताशी होता, आणि तो वाचू शकणारा माणूसही!

नुसता कोड खुला असून भागत नाही मंडळी. एखादा छोटा प्रोग्राम तरी स्वतः कंपाइल करून बघा. सगळ्यांनी रोज भात भरडायची गरज नाही, पण गावात बियाणं राखणारी चार घरं हवीतच.