खेळाआधी अंग मोकळं करा



शाळा सुटल्याची घंटा झाली की आपण दप्तर टाकून थेट मैदानावर धूम ठोकतो. मीही अशीच पळाले. खांबाजवळ एकदम वळले आणि मांडीची मागची शीर धरली. तीन आठवडे लंगडत होते. तालुक्याचे सामने हुकले. आजी म्हणाली, "अंग मोकळं न करता कामून पळू लागलीस?" आजीचं बरोबर होतं. म्हणून माझं मत मांडते. खेळाआधी १० मिनिटं आणि खेळानंतर ५ मिनिटं अंगासाठी ठेवलीच पाहिजेत.

खो-खोत ८ गडी उकिडवे बसतात. खो मिळताच उठून पळावं लागतं. घोटे, गुडघे, कंबर आखडलेली असेल तर गडी हातचा सुटतो. शिवाय आपलं वय वाढीचं. या वयात हाडं भराभर लांब होतात, स्नायू जरा मागं राहतात. म्हणून मांड्या, पोटऱ्या ताठ वाटतात.

उपाय सोपा आहे. आधी सावकाश पळावं, गुडघे वर उचलावेत, खांदे गोल फिरवावेत. खेळ झाल्यावर पाय लांब करून बसावं, अंगठ्याकडे वाकावं आणि २० अंक मोजावेत. हिसका देऊ नये. दुखलं की थांबावं. सूर्यनमस्कारात तर पाठ पुढंही वाकते आणि मागंही. याला पैसा लागत नाही.

काही पालक म्हणतात, "व्यायाम पैलवानानं करावा, पोरींना कशाला?" आपल्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलांनी जिंकला तसा मुलींनीही जिंकला. त्यांची कर्णधार प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्राचीच. मग आम्हा पोरींनाही व्यायाम हवाच ना?

मैदानाबाहेरही अंगाकडे लक्ष द्यावं. आपण पोक काढून लिहितो, दप्तर एकाच खांद्यावर टाकतो. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावं, असं महाराष्ट्र शासनानं २०१५ साली सांगितलं आहे. म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ किलो. घरी पाण्याची घागर रोज एकाच कमरेवर घेतली की अंग एकीकडे कलतं. आईनं आणि आपणही बाजू बदलावी.

गुरुजींना विनंती आहे की, खेळाच्या तासाची पहिली १० मिनिटं यासाठी द्यावीत. ज्यांना माझं मत पटलं त्यांनी उद्या माझ्यासोबत मैदानावर यावं. ज्यांना पटलं नाही त्यांनी पुढच्या अंकात उत्तर लिहावं. पण शीर धरल्यावर मात्र म्हणू नका, की कुणी सांगितलं नव्हतं!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी